पटावरचे दाणे आणि तो शेवटचा एक

गेल्या अंकातलं कोडं जुनंच होतं. बुद्धिबळाच्या पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत ६४ व्या घरापर्यंत गेलं तर पटावर एकूण दाणे किती? उत्तर छापलं होतं १८४४६७४४०७३७०९५५१६१५. हाच आकडा अल-बिरुनीनं इसवी सन १००० च्या सुमारास लिहून ठेवला आहे, तेव्हा आमचं श्रेय फक्त मुद्रितशोधनाचं. तरी त्यावर पत्रं बरीच आली. त्यातले निवडक प्रश्न.

एक्सेलमध्ये ६४ घरांची बेरीज केली. उत्तर १८४४६७४४०७३७०९६००००० आलं. तुमच्या छपाईत चूक आहे का? (एक वाचक, दादर)

छपाई बरोबर आहे. तुमच्या शीटमध्ये दोन वेगवेगळ्या चुका एकावर एक बसल्या आहेत, त्या सुट्या करून पाहू.

पहिली दिसण्यातली. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ अंकच दाखवतं, पुढच्या जागा शून्यांनी भरतं. तुमच्या रकान्यात ५० व्या घरापर्यंत सगळं ठीक असेल, कारण तिथली संख्या ५६२९४९९५३४२१३१२ बरोबर १५ अंकी आहे. ५१ व्या घरात मात्र ११२५८९९९०६८४२६२४ हवेत तिथे शेवटी ६२० दिसेल. सेलचा फॉरमॅट कितीही बदला, रुंदी वाढवा, फरक पडत नाही.

दुसरी चूक साठवणीतली, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. एक्सेल संख्या बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, ठेवतं आणि तिच्यासाठी ५३ बायनरी अंकांची जागा असते. दोनाचा कुठलाही घात लिहायला एकच १ लागतो, बाकी शून्यं. म्हणून प्रत्येक घरातली संख्या आत बिनचूक असते. गडबड होते ती बेरजेत. ५३ घरांची बेरीज ९००७१९९२५४७४०९९१, म्हणजे बायनरीत ओळीनं ५३ एक. ती जेमतेम मावते. ५४ घरांच्या बेरजेला ५४ एक लागतात, ते मावत नाहीत, आणि १८०१४३९८५०९४८१९८३ च्या जागी शेजारची सम संख्या १८०१४३९८५०९४८१९८४ जाऊन बसते. तुमच्या बेरजेत एक जादा दाणा ५४ व्या घरात शिरला. पुढे बेरीज नुसती दुप्पट होत जाते आणि शेवटी १६१५ ऐवजी १६१६ नं संपणारी संख्या हाती येते. पहिल्या घरात एक दाणा आणि बाकी सगळ्या घरांत सम, म्हणजे बेरीज विषमच यायला हवी. एवढी एक कसोटी लावली तरी चूक पकडता येते.

शीटमध्येच करायचं असेल तर प्रत्येक संख्येला दोन रकाने द्या. उजवीकडे शेवटचे दहा अंक, डावीकडे त्यावरचे सगळे. पहिल्या घरासाठी डावीकडे ०, उजवीकडे १. पुढच्या ओळीत उजवा रकाना दुप्पट करून त्याला १ वर दहा शून्यं एवढ्या संख्येनं भागा. बाकी उजवीकडे ठेवा, भागाकार डाव्याच्या दुपटीत मिळवा. पहिला हातचा ३५ व्या घरात येईल: डावीकडे १, उजवीकडे ७१७९८६९१८४. रकाना दहा अंकांवरच तोडा. नऊवर तोडलात तर ३१ व्या घरातल्या १०७३७४१८२४ चे तुकडे १ आणि ०७३७४१८२४ असे पडतात, शीट पुढचं शून्य गिळतं, आणि जोडून वाचणारा १७३७४१८२४ वाचतो.

कॅल्क्युलेटर न वापरता, कागदावर किती वेळात होईल? (गिरगावातले एक निवृत्त वाचक)

पाऊण पान कागद आणि पंधरा-वीस मिनिटं. ६४ वेळा दुप्पट करत बसू नका. कुठल्याही घरापर्यंतची बेरीज ही पुढच्या घरापेक्षा एकनं कमी असते (१+२+४ = ७, पुढचं घर ८). पटाला ६५ वं घर असतं तर त्यात दोनाचा ६४ वा घात एवढे दाणे असते. तो वर्ग करत करत सहा पायऱ्यांत येतो: २ चा वर्ग ४, मग १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६, आणि त्याचा वर्ग.

शेवटच्या वर्गासाठी संख्या तोडा: ४२९४९ आणि ६७२९६. मग नेहमीचं विस्तारसूत्र.

४२९४९ चा वर्ग १८४४६१६६०१, त्यावर दहा शून्यं.
दोघांच्या गुणाकाराची दुप्पट ५७८०५९१८०८, त्यावर पाच शून्यं.
६७२९६ चा वर्ग ४५२८७५१६१६, तसाच.

तिन्हींची बेरीज १८४४६७४४०७३७०९५५१६१६. एक वजा करा, झालं.

चूक होते ती बहुतेक मधल्या ओळीत: पाचऐवजी चार किंवा सहा शून्यं पडतात. अशा वेळी नऊ टाकून घेतलेला पडताळा उपयोगाचा नाही. शून्य कमी-जास्त झालं तरी अंकांची बेरीज तीच राहते. आमच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज ८७, म्हणजे नऊनं भागल्यावर बाकी ६. ती बरोबर आहे, पण शून्याची चूक तिच्यातून निसटते. अकराचा पडताळा घ्या. उजवीकडून एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा करा: ६२ आणि २५. फरक ३७, अकरानं भागल्यावर बाकी ४. दुसऱ्या बाजूनं, ४२९४९६७२९६ ची अकराची बाकीही ४ आहे. तिचा वर्ग १६, म्हणजे ५. त्यातून एक गेला की ४. जुळलं. मधली ओळ एक घर सरकली असती तर अकराच्या हिशोबात तिचं चिन्हच उलटलं असतं आणि हे जुळलं नसतं.

हा आकडा मराठीत वाचायचा कसा? कोटीच्या पुढे गाडी अडते. (परळहून)

स्वल्पविराम घालून १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. वर्तमानपत्री पद्धतीनं ‘१ कोटी ८४ लाख ४६ हजार ७४४ लाख कोटी आणि वर काही’. हे कानाला विचित्र लागतं खरं, पण चुकीचं नाही.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत (सन ११५०) एकंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत, प्रत्येक आधीच्याच्या दसपट. कोटीनंतर अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. आपली संख्या वीस अंकी, म्हणजे नावंही दोन घरं कमी पडतात आणि सुरुवात ‘१८४ परार्ध’ अशी करावी लागते. मग ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, निखर्वाच्या जागी शून्य, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, कोटीच्या जागी शून्य, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६१५. हिंदीतला ‘खरब’ इथे आणू नका. तो शंभर अब्जांचा, लीलावतीतला खर्व दहा अब्जांचा.

प्रत्यक्षात एवढा गहू म्हणजे किती? (लालबागच्या एक वाचक)

वजन घरी काढता येतं. लोकवन घ्या नाहीतर सिहोरी, हजार दाणे मोजा, शंभराच्या दहा ढिगाऱ्या करून. स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमपर्यंतच दाखवतो. शंभर दाणे ठेवलेत तर चार ग्रॅमच्या मापात अर्ध्या ग्रॅमची चूक म्हणजे आठाला एक झाली. हजार दाणे ३५ ते ४५ ग्रॅम भरतील. आपण ४० धरू.

पहिली ओळ, २५५ दाणे, दहा ग्रॅम. अर्धा पट, म्हणजे ३२ घरं: ४२९४९६७२९५ दाणे, १७२ टन. मालगाडीच्या तीन वाघिणी. इथवर हे दाणे देऊ करणाऱ्या गोष्टीतल्या राजाला घाम फुटण्याचं कारण नाही. पूर्ण पट मात्र सुमारे ७४ हजार कोटी टन. जगात आज वर्षाला गहू पिकतो साधारण ८० कोटी टन, तेव्हा नऊशेहून जास्त वर्षांचं सगळ्या जगाचं पीक. एक घनमीटर गहू सुमारे ७७० किलो धरला तर महाराष्ट्राच्या ३,०७,७१३ चौरस किलोमीटरवर तीन मीटर जाडीचा थर बसेल. चाळीतल्या एका मजल्याएवढा. तेवढाच गहू फक्त बृहन्मुंबईत, साधारण ६०० चौरस किलोमीटरवर ओतला तर थर दीड किलोमीटरच्या वर जाईल, जवळजवळ कळसूबाईच्या उंचीला. दाण्याच्या वजनात दहा टक्के इकडेतिकडे झाले तर हे सगळे आकडेही तेवढेच हलतील. दाण्यांची संख्या मात्र हलत नाही.

संख्येचे मूळ अवयव मुलांना वर्गात काढून दाखवायचे आहेत. एवढ्या मोठ्या संख्येला ते झेपेल का? (एक शिक्षिका, मुलुंड)

झेपेल, कारण पट स्वतःच अर्धं काम करून देतो. आंधळेपणानं भागत बसलात तर मात्र वर्ष जाईल.

पहिल्या ओळीपासून सुरू करा. पहिली दोन घरं मिळून ३ दाणे. पुढची दोन घरं त्याच्या चौपट, म्हणून चार घरं मिळून ३ × ५ = १५. पुढची चार घरं त्याच्या सोळापट, म्हणून पूर्ण ओळ १५ × १७ = २५५. दुसऱ्या ओळीतलं प्रत्येक घर पहिल्या ओळीतल्या त्याच जागेच्या घराच्या २५६ पट, म्हणून दोन ओळी २५५ × २५७ = ६५५३५. चार ओळी ६५५३५ × ६५५३७ = ४२९४९६७२९५. आठ ओळी त्याच्या ४२९४९६७२९७ पट. फळ्यावर पट काढून दर वेळी अर्धा भाग रंगवत गेलात तर सातवीच्या मुलांनाही हे दिसतं, आठवीत ते वर्गांच्या वजाबाकीच्या सूत्राशी जोडता येतं.

आता हाताशी सहा गुणक आहेत: ३, ५, १७, २५७, ६५५३७, ४२९४९६७२९७. प्रत्येक गुणक आधीच्या सगळ्यांच्या गुणाकारापेक्षा दोननं मोठा. म्हणजे कोणत्याही दोघांना सामाईक विभाजक असलाच तर तो २ चा विभाजक, आणि सगळे तर विषम. म्हणून कुठलाही मूळ अवयव दोन गुणकांत येणार नाही.

पहिले पाच मूळ आहेत. त्यावरून फर्मा या फ्रेंच गणितज्ञानं १६४० च्या सुमारास अंदाज बांधला की या जातीच्या सगळ्याच संख्या मूळ असणार. सहाव्याशीच तो फसला. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञानं दाखवलं की ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७. त्याला ६४१ सापडला कसा? या संख्येचा मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा एकनं मोठाच असला पाहिजे, हे आधी सिद्ध करता येतं. मग तपासायला उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवा वार बसला.

भागाकार न करताही ६४१ पटवता येतो, आणि वर्गात हाच भाग सर्वांत रंगतो. ६४१ ची दोन रूपं लिहा: ५ × १२८ + १, आणि ६२५ + १६. पहिल्यावरून, ६४१ नं भागताना ५ × १२८ ची बाकी −१ मानता येते. तिचा चौथा घात घ्या: ६२५ गुणिले दोनाचा २८ वा घात, बाकी +१. दुसऱ्या रूपावरून ६२५ च्या जागी −१६ लिहिता येतात. १६ म्हणजे दोनाचा चौथा घात, तो २८ व्याला जोडला की ३२ वा. म्हणजे उणे दोनाचा ३२ वा घात, बाकी १. चिन्ह बदला: दोनाचा ३२ वा घात, बाकी −१. त्यात एक मिळवला की बाकी शून्य.

उरला ६७००४१७. तो मूळ आहे हे पडताळायला २५८८ पर्यंतच्या मूळ संख्या पुरतात, कारण वर्गमूळ तेवढंच. त्यातही १२८ च्या पटीपेक्षा एकनं मोठ्या असलेल्याच घ्यायच्या. ही अट लुका या गणितज्ञानं पुढे आणखी घट्ट करून दिली. अशा फक्त पाच सापडतात. २५७ नं भागलं तर बाकी १७०, ६४१ नं ४४, ७६९ नं १२०, ११५३ नं ३३४, १४०९ नं ६२२. एकही शून्य नाही. मुलांचे पाच गट करून एकेक भागाकार वाटून द्या.

तर उत्तर: ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७. सात वेगवेगळे मूळ अवयव, म्हणून एकूण विभाजक २ × २ असं सात वेळा, १२८.

शिकवताना दोन ठिकाणी अडखळायला होतं. ‘शेवटी ५ आहे म्हणून २५ नंही भाग जाईल’ असं कुणीतरी म्हणतंच. शेवटचे दोन अंक १५ आहेत, तेव्हा नाही. आणि अंकांची बेरीज ८७ असल्यामुळे ३ नं भाग जातो, ९ नं जात नाही.

वेळ उरला तर मेरुप्रस्तार (म्हणजे पास्कलचा त्रिकोण) काढा, हलायुधानं दहाव्या शतकात पिंगलाच्या छंदसूत्रांवर लिहिताना समजावलेला. त्यात विषम संख्येच्या जागी १ आणि सम संख्येच्या जागी ० लिहा आणि प्रत्येक ओळ बायनरी म्हणून वाचा: १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५... सगळे आपल्याच संख्येचे विभाजक. टोकाची ओळ शून्य धरली तर ६३ व्या ओळीत ओळीनं ६४ एक येतात, आणि ती ओळ म्हणजेच पटावरचे एकूण दाणे.

पटावर मध्येच कुठे थांबलो तर दाण्यांची एकूण संख्या मूळ येईल? (अकरावीचा विद्यार्थी, बोरिवली)

२, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१ आणि ६१ या घरांशी. एवढ्या नऊच जागा. घराचा क्रमांक संयुक्त असेल तर बेरीज संयुक्तच येते: सहा घरांचे तीन-तीनचे दोन गट पाडा, दुसरा गट पहिल्याच्या आठपट, म्हणून ७ × ९ = ६३. उलट मात्र खरं नाही. ११ मूळ आहे, पण अकरा घरांची बेरीज २०४७ = २३ × ८९. परीक्षेत इथेच गुण जातात.

३१ व्या घराशी २१४७४८३६४७ येतात. ती मूळ असल्याचं ऑयलरनं १७७२ मध्ये सिद्ध केलं. ६१ व्या घराची गंमत वेगळी. मर्सेन या पाद्र्यानं १६४४ मध्ये अशा घातांकांची यादी दिली, तिच्यात ६७ होता आणि ६१ नव्हता. नेमकं उलटं हवं होतं. ६१ घरांची बेरीज २३०५८४३००९२१३६९३९५१ मूळ असल्याचं १८८३ मध्ये पेर्वुशिन या रशियन धर्मगुरूनं दाखवलं.

हनोईच्या मनोऱ्याचा याच्याशी संबंध आहे म्हणतात तो काय? (विलेपार्ले)

तीन दांड्या, एकीवर लहान-मोठ्या चकत्यांचा मनोरा; एका वेळी एकच चकती हलवत, लहान चकतीवर मोठी न ठेवता तो दुसऱ्या दांडीवर न्यायचा. वर आलेल्या लुकानंच १८८३ मध्ये हे खेळणं बाजारात आणलं, सोबत काशीच्या देवळातल्या ६४ सोन्याच्या चकत्यांची गोष्ट जोडून. दर चकतीला खेळ्या दुप्पट अधिक एक, म्हणून ६४ चकत्यांना आपलीच संख्या. सेकंदाला एक खेळी धरली तर सुमारे ५८,४५४ कोटी वर्षं. विश्वाचं वय १३८० कोटी. घरच्या आठ चकत्यांना २५५ खेळ्या पुरतात. सर्वांत लहान चकती एकाआड एक खेळीला, नेहमी एकाच दिशेनं हलवायची. चकत्या सम असतील तर तिची पहिली खेळी मधल्या, म्हणजे रिकाम्या राहणाऱ्या दांडीवर. हा पहिला पाय चुकला तर मनोरा पूर्ण होतो, पण नको त्या दांडीवर.

प्रोग्रॅममध्ये −१ छापायला गेलो तर हाच आकडा आला. योगायोग? (पवई)

योगायोग नाही. ६४ बिटच्या खणात −१ म्हणजे चौसष्टही जागी १. तोच खण चिन्हाशिवाय वाचला की १८४४६७४४०७३७०९५५१६१५ दिसतो. छापण्याच्या सूचनेत चिन्ह असलेला आणि नसलेला प्रकार अदलाबदल झाला आहे का ते बघा. पायथनमध्ये पडताळणार असाल तर २**६४ लिहा. २^६४ लिहिलंत तर उत्तर ६६ येईल, कारण तिथे ते चिन्ह घाताचं नाही, बिट ताडून पाहण्याचं आहे. पायथनच्या पूर्णांकांना मर्यादा नसल्यानं तिथे बेरीज पुढे चालू राहते. सी भाषेतल्या चिन्हरहित ६४ बिटच्या खणात मात्र याच्यावर आणखी एक दाणा टाकलात की पट रिकामा: उत्तर ०.